फक्त हा रकाना

६ जानेवारी २०२६, मंगळवार

धनेश सरांनी सकाळी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, काल उशिरा आले त्यावरून बोलणी खावी लागणार. तर हसत म्हणाले, "उन्नती, तू आता मास्तरीण." कोणाची? तर एआय एजंटची!

आमच्या गोदामातून काचेच्या बरण्या, ग्लास, कपबश्या ऑनलाइन ऑर्डरीवर देशभर जातात. त्यांच्या याद्या संपता संपत नाहीत. कोणी किती डबे पॅक केले, किती परत आले, परत आलेल्यातले किती फुटके निघाले. या याद्या हव्या त्या क्रमाने लावायला पुण्याच्या ऑफिसातल्या कुणालने एक टूल बनवलंय. नाव 'रांग'. दोन वर्षं ते मीच वापरतेय. आता हा एजंट, म्हणजे आपणहून काम करणारा प्रोग्राम, ते वापरणार म्हणे. पण त्याला कोणीतरी लिहून द्यायला हवं की कुठलं बटण कशाचं, कधी दाबायचं, कधी नाही. ते मी लिहायचं. महिनाअखेरपर्यंत.

कुणाल फोनवर म्हणाला, "मराठीतच लिही, त्याला कळतं. नवीन मुलगी कामावर आली तर तिला जसं समजावशील, तसं."

खरं सांगू? छातीच फुगली माझी. घरी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं. पण घरात ऐकायला कोणाला वेळ! वहिनी कालच बाळ घेऊन दवाखान्यातून आलीय. सगळे बाळाभोवती. मुलगी आहे, नाक दादाचं.

८ जानेवारी, गुरुवार

मजा येतेय लिहायला. पण सोपं नाही. "यादी उघड" असं लिहिलं, मग वाटलं, कुठली यादी? "नावाप्रमाणे लाव" लिहिलं, मग वाटलं, एकाच नावाच्या दोघी असतील तर? आमच्याकडे तीन सुनीता आहेत. माणसाला हे सांगावं लागत नाही. या पठ्ठ्याला सगळं सांगायचं! आणि हा तोंड वर करून "म्हणजे काय ताई?" असंही विचारणार नाही. जे लिहिलंय ते करून मोकळा.

संध्याकाळी घरी आले तर आई तोंड पाडून बसलेली. बाळाला अंघोळ घालायला गोदूमावशीला विचारायला गेली होती. मावशी नाही म्हणाली.

आमच्या गल्लीत बाळंत झालेल्या घरी गोदूमावशीच जायची. पाटावर बसून पाय लांब करायची, बाळ पायांवर उताणं घ्यायची, तेल चोळायची, मग कढत पाणी, मग धुरी. दादाच्या थोरल्याला तिनेच घातली अंघोळ, तीन महिने. मलाही तिनेच घातलीय, आई सांगते. आईचे गुडघे आता वळत नाहीत, आणि वहिनीला नुकतं जन्मलेलं बाळ पायांवर घ्यायची भीती वाटते.

आई सांगत होती, "गोदू बोलली, माज्या हाताला अंदाज न्हाय राहिला गं, कमळ. पोर निसटलं म्हंजे? मी न्हाय हात लावायची."

मी जेवले नाही नीट. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

यावर लिहायचं नाही असं ठरवलंय.

१० जानेवारी, शनिवार

लिहितेच. ही वही माझ्याशिवाय कोण वाचतंय?

मावशीच्या हाताला काहीही झालेलं नाही. ते मी केलं.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीला कामाला लागले. तीन महिने ट्रायल होती, पटलं तर ठेवू असं म्हणाले होते. गोदूमावशी तिथे आधीपासून पॅकिंगला. सहा नंबरच्या टेबलावर. आमच्या गावाहून, शेलारहून, आम्ही एकाच रिक्षातून जायचो. मागे तिघी बसायच्या असल्या की मावशी मला मांडीवर ओढायची, एवढ्या घोडीला! "बस गं, लहानपणी बसलीस तवा वजन न्हाय लागलं, आता काय लागतंय!"

फेब्रुवारी संपला तेव्हा धनेश सरांनी फुटक्या मालाची यादी मागितली. पॅकिंगच्या अकरा माणसांची नावं, टेबल नंबर, फुटके नग. म्हणाले, "नावं जरा अ पासून ज्ञ पर्यंत लावून दे." मी नावांचा रकाना पकडला आणि लाव म्हटलं. रांगने विचारलं, "बाजूचे रकानेही सोबत हलवू?" खाली दोन बटणं. 'हो, सगळे'. आणि 'फक्त हा रकाना'. मला नावंच लावायची होती ना! मी दुसरं दाबलं.

नावं सरकली. आकडे जिथल्या तिथे राहिले. कोणाचा आकडा कोणाच्या नावापुढे! गोदावरी, म्हणजे गोदूमावशी, या नावापुढे एक्केचाळीस आले. ते सागरचे होते. सागर दोन नंबरच्या टेबलावर असायचा. पुढच्याच महिन्यात तो काम सोडून गावी गेला.

फूट गिऱ्हाइकाच्या घरी डबा उघडल्यावर कळते. पॅक करणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून मावशीला खोटं वाटलं नाही. सरांनी सांगितलं, "मावशी, तुमचा हात बसत नाय आता. कागद नीट दाबला जात नाय, उद्यापासून येऊ नका." तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मी समोरच कॉम्प्युटरवर बसले होते. मी बघितलं ते बघताना.

आठ दिवसांनी मार्चची यादी करताना मूळ यादी उघडली आणि माझ्या लक्षात आलं. गोदूमावशीचे खरे फुटके नग, शून्य! आधीच्या महिन्यांतही एक, शून्य, शून्य. तिच्याइतकं चांगलं पॅकिंग अख्ख्या गोदामात कोणाचं नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण ट्रायल संपायला दोन आठवडे उरलेले. म्हटलं, कायम झाल्यावर सांगू. कायम झाले. मग म्हटलं, आता इतके दिवस का गप्प बसलीस विचारतील. झालं! दोन वर्षं झाली.

मावशी आता विहाराची झाडलोट करते. रस्त्यात दिसली की विचारते, "बरी हाईस का गं?" मी बरी आहे म्हणते.

१३ जानेवारी, मंगळवार

आज 'काय करू नये' हा भाग लिहिला. लिहायलाच लागणार होता. कुणालने बजावलंय, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि त्यात खरं उदाहरण हवं.

मी लिहिलं, "शक्यतो एकच रकाना लावू नये. बाजूचे रकानेही हलवावेत." उदाहरण दिलं फळांचं. आंबा, केळी, पेरू आणि त्यांची वजनं. पेरूचं वजन आंब्यापुढे गेलं तर गडबड होईल, वगैरे वगैरे. काय पण उदाहरण! चौथीच्या पुस्तकातलं वाटतं. पेरूला कोण घरी बसवतं?

१६ जानेवारी, शुक्रवार

पहिली चाचणी. नापास!

कुणालने एजंटला सांगितलं, "या यादीतली नावं क्रमाने लाव." त्याने काय करावं? फक्त हा रकाना!! अगदी माझ्यासारखं. स्क्रीनवर नावं सरकली, आकडे जिथल्या तिथे.

कुणाल वैतागला. "ताई, तू 'शक्यतो' लिहिलंयस. त्याला वाटलं चालतं कधी कधी. असं गुळमुळीत का लिहिलंस? बाकी सगळं तर किती छान लिहिलंयस!"

गुळमुळीतच लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार मी.

दुपारी डबा न खाता तो भाग नव्याने लिहिला. "एकटा रकाना कधीही लावू नये. कोणीही सांगितलं तरी नाही. जुनी यादी उघडल्यावर नावं क्रमाने दिसली आणि टेबल नंबर इतर महिन्यांशी जुळत नसले, तर नावं एकटी हललेली असू शकतात. तिथे थांब. पुढे जाऊ नको. माणसाला विचार." कुणाला विचारायचं ते लिहायला एक चौकोन होता. कुणाल म्हणाला, "तुझंच नाव टाक, तुझ्याइतकं कोणाला माहितीय?" टाकलं.

फळं काढली नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

आज वहिनीने स्वतःच बाळाला अंघोळ घालायचा प्रयत्न केला. बाळ किंचाळलं, वहिनी रडली, आई दोघींवर ओरडली. शेवटी ओल्या फडक्याने पुसून काढलं. बारा दिवस पुसूनच काढतायत. पुढच्या दारची विनिताही काल दवाखान्यातून आली. मुलगा झालाय. तीही मावशीला विचारून आली. तिलाही नाहीच म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

आज जे केलं ते दोन वर्षांपूर्वीच्यापेक्षा वाईट आहे.

एजंटला सरावासाठी जुन्या सगळ्या याद्या दिल्यात. तो एकेक उघडतो, तपासतो, बंद करतो. अकराच्या सुमाराला माझ्या स्क्रीनवर निरोप आला. तसाच उतरवून ठेवतेय:

"फेब्रुवारी २०२४ ची यादी. नावं क्रमाने आहेत, पण अकरापैकी नऊ जणांचे टेबल नंबर इतर महिन्यांशी जुळत नाहीत. गोदावरी एरवी सहा नंबरवर, इथे दोन नंबरवर. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी थांबलो आहे. ही यादी बरोबर आहे का?"

खाली दोन बटणं. हो. नाही.

माझ्याच शब्दांवरून शोधलं त्याने. आणि विचारलं कोणाला? मला! दुसऱ्या कोणालाही काही कळलं नव्हतं. धनेश सर बाहेर ट्रक लावून घेत होते. "ए भाई, पीछे ले, और पीछे!" एवढंच ऐकू येत होतं.

दोन वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं कुठलं बटण काय करतं. आज माहीत होतं.

मी 'हो' दाबलं.

तो म्हणाला, "धन्यवाद. नोंद केली." आणि पुढची यादी उघडली.

लाज वाटते हे लिहिणंसुद्धा कसं सोपं आहे. लाज वाटते, लाज वाटते. दोन वर्षं वाटतेच आहे. त्या लाजेने काय झालं?

२१ जानेवारी, बुधवार

आज त्याने काही विचारलं नाही. मी दर पाच मिनिटांनी बघत होते.

२२ जानेवारी, गुरुवार

सगळं अंगाशी आलं. बरं झालं आलं.

काल कुणालने एजंटची परीक्षा घ्यायला चालू महिन्याची एक यादी मुद्दाम बिघडवली. नावं हलवली, आकडे तसेच ठेवले. एजंटने ती पकडायला हवी होती. पकडली नाही! जास्त फुटके वर असं लावून, नटवून थेट धनेश सरांच्या स्क्रीनवर पाठवली. सरांना काय माहीत चाचणी आहे! त्यांनी सगळ्यात वरचं नाव बघितलं. तुळजा, सदतीस फुटके. दारातूनच ओरडले, "ए, तुळजाला बोलव जरा. हिचा हात बसत नाय आता."

अगदी तेच शब्द.

तुळजा टेपपट्टी हातात तशीच घेऊन आली. घाबरलेली. काही कळायच्या आधीच आपल्या बोटांकडे बघायला लागली.

मी उठले. म्हटलं, "सर, यादी चुकीची आहे. तुळजा, तू जा, तुझं काही नाही." कुणालला फोन लावला. तो म्हणाला, हो ती चाचणीची होती, मीच बिघडवली, पण एजंटने सोडली कशी तेच कळत नाही. मग त्याने एजंटची नोंद वाचून दाखवली. "टेबल नंबर जुळत नसले तरी यादी बरोबर असू शकते. उन्नतीने सांगितले."

फोन स्पीकरवर होता. सर माझ्याकडे वळले.

मी सांगितलं. सगळं. फेब्रुवारी, बटण, एक्केचाळीस, सागर, ट्रायल, परवाचं 'हो'. कुणाल एवढंच म्हणाला, "ताई, ती यादी परत उघडून 'नाही' दाबून ठेव आता."

सर म्हणाले, "आता दोन वर्षं झाली गं. कशाला उकरून काढतेस? म्हातारी काय विचारायला येणार हाय का?" मी तिथून हलले नाही तेव्हा जरा चुळबुळले. "बरं, परत यायचं असंल तर येऊ दे. सांग तिला." मला वाटलं होतं मला काढतील. काढलं नाही. रागावलेही नाहीत फारसे. त्यांनी मावशीला एका वाक्यात काढलं आणि मला अर्ध्या वाक्यात सोडलं.

२४ जानेवारी, शनिवार

गेले.

मावशी ओट्याजवळ बसून डाळ निवडत होती. सून नातीला घेऊन आत. "ये गं, बस. तुज्या भाचीचं नाव काय ठेवलं?" मी म्हटलं, अजून ठेवलं नाही. आणि बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

यादी, रकाना, बटण, काय काय सांगत सुटले. तिला काहीच कळेना. मग तिच्या फळीवर मसाल्याचे डबे दिसले. झाकणांवर खडूने लिहिलेलं, हळद, तिखट, मीठ. मी म्हटलं, मावशी, मी डबे हलवले नाहीत, नुसती झाकणं बदलली. ज्याच्यात तिखट होतं त्याच्यावर तुझं झाकण बसलं.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माज्या हातून फुटलंच न्हाय?"

"एकही नाही, मावशी. शून्य."

"तुला कदी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते, आत्ताच कळलं म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं! "आठ दिवसांनी," म्हटलं.

"आठ दिसांनी." ती आत बघायला लागली, सुनेकडे. मग माझ्याकडे. "या दोन वर्षांत आपल्या गल्लीत किती पोरं झाली ठाव हाय तुला? नऊ. एकाला बी हात न्हाय लावला मी. माजी सोताची नात! सून बोलायची, आई धरा जरा. मी बोलायची, नको बाय, ठेव खाली. रात्री झोपताना बोटं वाकवून बघायची मी, काय झालंय म्हणून. डाक्टरकडं गेली. तो बोलला काय न्हाय. मला वाटलं त्यालाच कळत न्हाय."

मी रडायला लागले. ती नाही रडली.

"रडू नको माज्या दारात," म्हणाली. "तुला पायावर घेतली हुती मी. एवढीशी."

सरांचा निरोप सांगितला, परत कामावर ये म्हणून. "तिथं न्हाय यायचं मला." मग हळूच, "जा आता उन्नती." नेहमी 'गं' म्हणते, आज म्हणाली नाही.

दाराबाहेर येऊन चप्पल घालताना मागे वळून बघितलं. ती दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होती.

घरी काही बोलले नाही. आईने डोळे का लाल विचारलं. धूळ गेली म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

फळं काढून टाकली. तिथे हे लिहिलं:

"उदाहरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये उन्नती नावाच्या मुलीने नावांचा रकाना एकटा लावला. गोदावरी नावाच्या बाईंवर दुसऱ्याचे एक्केचाळीस फुटके नग आले आणि त्यांचं काम गेलं. त्यांचे खरे नग शून्य होते. उन्नतीला आठ दिवसांनी चूक कळली. तिने सांगितलं नाही. म्हणून, शंका आली तर एकाच माणसाला विचारू नको. दोघांना विचार. त्यातला एक, यादी ज्याने लावली तो नसावा."

कुणालला पाठवलं. त्याने लिहिलं, "नावं काढायची का?" मी लिहिलं, नको. मावशीला मात्र विचारायला हवं होतं नाव ठेवू का म्हणून. आता कोणत्या तोंडाने विचारू? तिचं काढलं. माझं ठेवलं.

२७ जानेवारी, मंगळवार

एजंट पास झाला. सरांनी सगळ्यांना वडापाव दिला. माझा मी तुळजाला दिला.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी सात वाजता गोदूमावशी आमच्या दारावरून गेली. पदर खोचलेला, हातात तेलाची वाटी. विनिताकडे गेली. थोड्या वेळाने विनिताच्या बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि त्याच्यावर मावशीचा आवाज. मोठ्ठा. दोन वर्षांत ऐकला नव्हता तसा.

आईने लगबगीने आमच्याकडेही पाणी तापवलं. वहिनीने पाट मांडला, बाळाचं दुपटं काढलं. सगळ्या दाराशी उभ्या राहिल्या.

मावशी आली. आमच्या दारासमोरून सरळ पुढे गेली, घरी.

वहिनी बाळ छातीशी धरून तशीच उभी. "इकडं का नाय आली गं? आपण काय केलं तिचं?"

"आपण नाही, वहिनी," म्हटलं. "मी."